तयारीच्या गाडीतली हवा

"हिचं पोट माझ्यापेक्षा बिघडलंय," हे पुटपुटले.

पुढच्या सीटवर बसून त्यांनी डॅशबोर्डला कान लावला होता. मी मागच्या सीटवरून दोघांच्या मध्ये मान घातलेली, म्हणून मला ऐकू आलं. गाडी चालवणाऱ्या पाक लेगिमानांना, म्हणजे लेगिमानकाकांना, ऐकू आलं नाही. आलं असेल तर त्यांनी तसं दाखवलं नाही. आमच्या जावा बेटावर ही एक सोय आहे. कानावर पडलेलं सगळं ऐकलंच पाहिजे अशी सक्ती नाही.

आवाज मात्र होता. किल्ली फिरवली की डॅशबोर्डच्या मागे गुडगुड, मग खळखळ, मग एक लांब ढेकर. दोन-तीन मिनिटं हे चालायचं आणि मग थांबायचं.

पोटाचं म्हणाल तर ह्यांचं पोट ठीक आहे. बिघडली ती मूत्रपिंडं, दोन्ही, तीन वर्षांपूर्वी. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी शहरात जाऊन रक्त धुऊन आणायचं, साडेचार तास यंत्राला जोडून घेऊन. शहर आमच्या करांगसारीपासून दीड तासावर, मध्ये सात वळणांचा चढ. बस आहे, पण जाताना ती वेळेवर निघत नाही आणि येताना ह्यांना उभं राहवत नाही. त्यामुळे आमचा सगळा संसार वस्तीच्या गाडीवर उभा.

कुण्या परदेशी साहेबानं मायदेशी परतताना ती वस्तीला दान दिली होती. दारावर हिरव्या रंगात 'सदा तयार' असं लिहिलंय. अडलेल्या बायका, साप चावलेले आणि आम्ही, एवढ्यांसाठी ती तयार असते. मूळची थंड मुलखासाठी बांधलेली, म्हणून डॅशबोर्डवर एक लाल खटका आहे. तो सरकवला की गाडीत गरम वारा येतो. आमच्याकडे ऊब कुणाला मागावी लागत नाही, त्यामुळे त्या खटक्याला कित्येक वर्षं कुणी हात लावलेला नव्हता.

पाक लेगिमान अडुसष्ट वर्षांचे. तीस वर्षं त्यांनी वाळूचा ट्रक चालवला, आता ही गाडी चालवतात, एक पैसा न घेता. ह्यांनी त्यांना एक शर्ट शिवून दिला होता. हे शिंपी, दुसरं काय देणार? रीतीप्रमाणे पाक लेगिमानांनी तो तीनदा नाकारला, चौथ्यांदा घेतला, आणि आता फक्त ईदला घालतात.

गाडी हल्ली रात्री त्यांच्याच अंगणात असते. अंगण रस्त्याकडे उतरतं. तिथे ती तोंड खाली, रस्त्याकडे करून उभी. "बाई कळा देत असताना मी काय गाडी वळवत बसू?" असं ते विचारतात, आणि त्यात काहीही चूक नाही. पहाटेची नमाज झाली की चहाच्या आधी ते बॉनेट उघडतात, रेडिएटरचं झाकण काढतात, पाणी बघतात, वरपर्यंत भरतात आणि झाकण लावतात. "पाणी न बघता किल्ली फिरवणं म्हणजे बिस्मिल्ला न म्हणता घास घेणं," हे त्यांचं वाक्य वस्तीतल्या पोरांनासुद्धा पाठ आहे.

पहिल्यांदा गाडी उकळली ती एका मंगळवारी, पाचव्या वळणावर. तापमानाचा काटा वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला, जसं काही त्याचंच ठरत नव्हतं. मग वाफ. गाडी गार होऊन आम्ही पोचेपर्यंत अडीच तास उशीर झाला आणि ह्यांचं यंत्र दुसऱ्याला दिलं गेलं. सिस्टर गोड हसून म्हणाली, "उद्या सकाळी बघू हं, पाक कासिदी."

ती रात्र ह्यांनी बसून काढली. आडवं झालं की छातीत पाणी चढतं. मी गादीची वळकटी करून पाठीशी लावली आणि श्वास मोजत बसले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "पुन्हा असं न झालेलं बरं." आमच्याकडे ह्याहून कडक भाषा कुणी वापरत नाही.

मग गाडी मास त्रिस्नोकडे, म्हणजे त्रिस्नोदादाकडे, गेली. मास त्रिस्नोचं गॅरेज लवंगेच्या झाडाखाली आहे. माणूस चाळिशीचा, हात चांगला, बोलणं कमी. त्यानं बॉनेट उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"हवा आहे," हे बाजूच्या स्टुलावरून म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"मला आठवड्यातून दोनदा दिसते. माझ्या रक्ताच्या नळीत मध्ये एक कुपी असते. बुडबुडा आला तर तिथे अडकतो. पुढे निसटायला लागला तर यंत्र बोंब मारतं, सिस्टर धावत येते आणि नळीला टिचक्या मारते. हिच्या नळीत बुडबुडा शिरला तर कोण बोंब मारणार?"

"पाक कासिदी, गाडीचं आणि माणसाचं एक नसतं."

"नसेल. पण तो लाल खटका बघ."

खटक्याची गोष्ट अशी. रक्त धुऊन झालं की ह्यांना हुडहुडी भरते. बाहेर रस्त्याचं डांबर वितळत असतं आणि हे दोन लुंग्या, स्वेटर आणि टोपी घालून कुडकुडत असतात. अशाच एका दिवशी परतताना ह्यांनी तो खटका सरकवून बघितला. गरम वारा आला. ह्यांच्या चेहऱ्यावर जे सुख पसरलं ते मी लग्नातसुद्धा पाहिलेलं नाही. पाक लेगिमानांनी एकदा खटक्याकडे बघितलं, एकदा ह्यांच्याकडे, आणि गाडी चालवत राहिले. तेव्हापासून दर परतीला आम्ही दीड तास त्या भट्टीत बसतो. पाक लेगिमानांच्या हनुवटीवरून घाम ठिबकतो आणि मी विचारलंच तर म्हणतात, "नाही नाही बू कासिदी, छान आहे. हवा बदलते."

"आता ऐक," हे मास त्रिस्नोला सांगत होते. "ज्या दिवशी सकाळी गुडगुड होत नाही, त्या दिवशी खटक्यातून गरम येतं. गुडगुड झाली की गार. इंजिन तापून काटा वर, आणि माझ्या तोंडावर गार वारा. हे कसं?"

मास त्रिस्नोनं हातातला पाना खाली ठेवला. चालू इंजिनाच्या वरच्या पाइपला त्यानं बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. खालच्या पाइपला हात लावला आणि तिथेच ठेवला.

"रात्रीच्या भातासारखा गार," तो म्हणाला. "वर आग, खाली गार. पाणी फिरतच नाहीये." मग खटक्याकडे बघून म्हणाला, "गरम पाणी डॅशबोर्डच्या मागून जातं, तेव्हा वारा गरम होतो. ती जागा सगळ्यात उंच. हवा तिथे जाऊन बसलीये. चढावर गाडी रेटली की तिथून हलते आणि इंजिनाच्या डोक्यात शिरते." तो ह्यांच्याकडे वळला. "मला अर्धा दिवस लागला असता. इथे खटका वापरतो कोण?"

"ज्याला थंडी वाजते तो," हे म्हणाले. त्यांची मान जरा ताठ झाली होती.

मग त्यानं पुढची चाकं नारळाच्या दोन ओंडक्यांवर चढवली, म्हणजे गाडीचं नाक वर आणि झाकण सगळ्यात उंच. झाकण काढलं, पाण्याची बाटली कापून तिचं नरसाळं केलं, लाल खटका पूर्ण सरकवला, इंजिन चालू ठेवलं. वरचा पाइप हातानं दाबायचा आणि सोडायचा. ब्लुक. पुन्हा दाबायचा. ब्लुक ब्लुक. हे स्टूल पुढे ओढून बसले होते, लोक कोंबड्यांची झुंज बघतात तसे. दर बुडबुड्याला म्हणत होते, "गेला." अर्ध्या तासानं बुडबुडे थांबले आणि गाडीतून असा गरम वारा आला की मास त्रिस्नोच्या कपाळावरचा घाम वाळला.

तो गुरुवार होता. शुक्रवारी सकाळी किल्ली फिरवली तेव्हा पुन्हा गुडगुड. त्या दिवशी कशीबशी पोचलो. पाक लेगिमानांनी चढ बैलगाडीच्या वेगानं काढला आणि प्रत्येक वळणावर गाडीला म्हणत होते, "चल गं बाई, चल."

पुढच्या तीन आठवड्यांत वस्तीच्या वर्गणीतून पाण्याचा पंप बदलला, पाइप बदलले, झाकणही बदललं. दर वेळी मास त्रिस्नो हवा काढायचा, गाडी एक दिवस गुणी मुलीसारखी चालायची, दुसऱ्या सकाळी पुन्हा ढेकर. शेवटी एका पहाटे तो पाक लेगिमानांच्या अंगणाजवळून सहज गेल्यासारखा गेला आणि तिथून आमच्याकडे आला. चहा घेतला. लवंगांच्या कळ्यांबद्दल बोलला. माझ्या सुनेची चौकशी केली. दुसरा चहा घेतला.

"बू कासिदी," तो म्हणाला, "हवा येत नाहीये. आणली जातेय."

टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून त्यानं गाडी काढली. नाक खाली, शेपूट वर. अशा गाडीचं झाकण उघडलं की मागचं उंचावरचं पाणी पुढे धावतं आणि झाकणातून बाहेर सांडतं. पाक लेगिमान बघतात, तर तोंडापर्यंत भरलेलं. अल्हम्दुलिल्लाह म्हणून घोटभर वर ओततात आणि झाकण लावतात. पुढे काठोकाठ, मागे पोकळ.

"खाली फरशीवर इंजिनातल्या पाण्याचा हिरवा ओघळ वाळलाय," तो म्हणाला. "त्या बाजूचं आलं जळून गेलंय. चार गड्डे. जुन्या ट्रकला रोज बघावं लागायचं. हिला नाही. हिचं पाणी हिच्या बाजूच्या बाटलीतून ती स्वतः घेते."

"मग सांग ना त्यांना."

"मी? मला गिअर टाकायला त्यांनी शिकवलं." त्यानं माझ्याकडे आशेनं बघितलं. "तुम्ही सांगा."

"आम्ही? तीन वर्षं फुकट नेतायत ते आम्हाला. त्यांना सांगू, तुमच्यामुळे गाडी मरतेय?"

आम्ही वस्तीप्रमुख पाक सुम्पेनोंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी लगेच सांगितलं असतं. पण माझ्या मुलीच्या बाळंतपणाला तेच घेऊन गेले होते, मध्यरात्री." विचार करता करता लक्षात आलं की वस्तीत असा एकही माणूस नाही ज्याला पाक लेगिमानांनी कधी कुठे नेलेलं नाही. एक होता, न्गादिमो नावाचा, पण तो कुणाशीच बोलत नाही.

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. आमच्याकडे ती वस्तीची मावशी आहे, सगळ्यांच्या घरी राहून जाते.

तेव्हा आडून सांगायचं ठरलं. मास त्रिस्नोनं इतकं घट्ट झाकण आणलं की ते फिरवताना त्याला स्वतःलाच दात-ओठ खावे लागले. पाक लेगिमान भेटल्यावर म्हणाले, "झकास झाकण आहे रे. फडकं धरून दोन्ही हातांनी पिळलं की निघतं."

मग पाक सुम्पेनोंनी बॉनेटच्या आत एक कागद चिकटवला: 'सर्वांना नम्र विनंती, झाकण उघडू नये.' पाक लेगिमानांनी तो वाचला आणि त्यांना मनापासून पटला. "बरोबर आहे. हल्ली कुणीही उठून हात घालतं," असं म्हणून त्यांनी कागद भिजू नये म्हणून वर प्लॅस्टिक लावलं, चारी बाजूंनी, हवेचा बुडबुडा राहणार नाही असं.

कुणीतरी सुचवलं की गाडीचं नाक घराकडे असलं तर घराला बरकत येते. ते म्हणाले, "घराची बरकत राहू दे. रोग्याची बरकत रस्त्यात असते."

मग मी एका पहाटे तळलेलं टेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, आणि चहा घेऊन गेले, की गप्पांत वेळ जाईल आणि त्या दिवसापुरतं राहून जाईल. ते हात पुसत बाहेर आले. "या, या! नेमकं झाकण लावून झालं आणि तुम्ही आलात. चहासाठी मोकळाच आहे."

शेवटी ह्यांनी गाडीत त्यांना एक गोष्ट सांगितली. एक शिंपी होता. तो फार काळजीवाहू. शिवून झालेली शिवण पक्की आहे का हे बघायला रोज सकाळी थोडी उसवून बघायचा आणि पुन्हा शिवायचा. वर्षभरात कापड चाळणी झालं.

पाक लेगिमान खूप हसले. "मूर्खच म्हणायचा की तो. तुमच्या धंद्यात असेही असतात?"

"असतात," हे म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

तुम्ही म्हणाल, तुझ्या नवऱ्याचा जीव टांगणीला आणि तू गोष्टी काय सांगतेस! मी ह्यांना तेच म्हणाले. हे मला 'बुने' म्हणतात, म्हणजे पोरांची आई. हे म्हणाले, "बुने, त्या माणसाकडे आता ही गाडीच आहे. बायको गेली, मुलं समुद्रापार. सकाळी उठून त्याला उघडून बघायला काहीतरी हवं ना. माझी एखादी खेप चुकली तर चुकली."

"आणि दुसरी चुकली तर?"

अंगात पाणी साठलं की ह्यांच्या घोट्याला बोटानं दाबलं तर खळगा पडतो आणि बराच वेळ भरत नाही. त्या गुरुवारी मी दाबून बघितलं होतं.

शुक्रवारी पाचव्या वळणाच्या अलीकडेच वाफ आली.

पाक लेगिमानांनी गाडी शहाळेवालीच्या टपरीसमोर बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले. यंत्र नऊला. आता पावणेआठ. उरलेला रस्ता पाऊण तासाचा, गाडी चालली तर. बाहेर आलेल्या ह्यांना धाप लागली होती, गाडीतून टपरीच्या बाकापर्यंत, सहा पावलांत.

"शहाळं देऊ, पाक?" टपरीवाली म्हणाली.

"नको," हे म्हणाले. "ते मला चालत नाही."

"मग पाणी तरी?"

ह्यांनी पिशवीतून आपली बाटली काढून दाखवली. दिवसभराचं पाणी, वर शाईनं रेघा मारलेल्या, सकाळ, दुपार, संध्याकाळ. सकाळची रेघ कोरडी होऊन गेली होती. टपरीवालीनं बादली भरून गाडीपुढे आणून ठेवली. ह्यांनी त्या बादलीकडे जे बघितलं ते मला बघवलं नाही. "हिची मजा आहे," ते म्हणाले. "हवं तेवढं प्यायचं."

वाफ निवेपर्यंत वीस मिनिटं गेली. बस मागून आली आणि न थांबता गेली, दारात लोक लोंबकळत होते. मास त्रिस्नोला फोन लागत नव्हता. मग हे उठले.

"चढावर उभी आहे म्हणजे नाक वर आहेच," ते म्हणाले. "ओंडके नकोत. बुने, खटका लालपर्यंत सरकव."

मी सरकवला. पाक लेगिमानांनी फडकं धरून दोन्ही हातांनी झाकण पिळलं आणि उरलीसुरली वाफ फुस्स करून गेली. हळूहळू पाणी ओतलं, इंजिन चालू केलं. ह्यांनी बाही सारली. डाव्या हातावर, जिथे सुया टोचतात, तिथे नस दोरखंडासारखी फुगलेली आहे. त्या हातानं त्यांनी वरचा पाइप धरला, आधी टिचकी मारली, सिस्टर मारते तशी, आणि मग दाबला. ब्लुक.

"गेला," टपरीवाली म्हणाली. तिला काय चाललंय ते कळलेलं नव्हतं, पण चेहऱ्यांवरून अंदाज आला असावा.

ब्लुक. ब्लुक ब्लुक. पाक लेगिमान कापलेल्या शहाळ्याच्या करवंटीनं पाणी ओतत होते. अर्धं पाणी बाहेर पडत होतं. आठ वाजून वीस मिनिटांनी बुडबुडे कमी झाले. मी खिडकीतून आत हात घातला. वारा कोमट लागला. मग गरम.

"आली," मी म्हणाले.

"दोन मिनिटं अजून," हे म्हणाले. ओठ निळसर झाले होते, पण हात पाइपवरून काढला नाही. "पोचू. नऊला नाही, पण सव्वानऊपर्यंत. सिस्टर थांबेल."

पाक लेगिमानांनी करवंटी खाली ठेवली. डोळ्यांना फडकं लावलं, ज्या फडक्यानं झाकण पिळलं होतं त्याच, त्यामुळे गालावर काळा पट्टा उठला.

"मला समजत नाही, पाक कासिदी," ते म्हणाले. "अल्लाची शपथ, समजत नाही. पोटच्या पोरीसारखी बघतो हिला. एक दिवस चुकवला नाही. आजसुद्धा, चहाच्या आधी उघडून बघितलं. काठोकाठ होतं." त्यांनी झाकण दोन्ही तळव्यांत धरलं होतं. "पण माझंच कुठेतरी कमी पडतंय. वय झालं. उद्यापासून दोनदा उघडून बघत जाईन. एकदा पहाटे, आणि एकदा तुम्ही बसायच्या आधी."

हे पाइपकडे बघत राहिले. टपरीवालीनं उगाच एक शहाळं उचललं आणि परत ठेवलं. मी ह्यांच्या घोट्याकडे बघितलं. सपातेचा पट्टा मांसात रुतला होता.

"पाक लेगिमान," मी म्हणाले, "हवा तुम्हीच घालता. रोज सकाळी, ते झाकण उघडता तेव्हा."